पाव फेरा

क्लेअरमाँट, न्यू हॅम्पशायर. ऑक्टोबर संपत आलाय.
एव्हरेट पेल्की रायफल घेऊन येतो
जुन्या रजईत गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तशी,
आणि माझ्या लेथशेजारच्या बाकावर ठेवतो.

थोरल्या भावाची, रोलंडची.
कोरियात अशीच एक होती त्याच्या खांद्याला;
परत आल्यावर ही घेतली, सरकारी जुन्या मालातून.
अक्रोडाचा दस्ता, गाल टेकायचा तिथे काळपट.
पत्र्याच्या क्लिपमध्ये आठ गोळ्या,
आठवी उडाली की क्लिपही बाहेर.
टिण.

"दुकानातल्या हल्लीच्या गोळ्या हिला झेपत नाहीत,"
एव्हरेट म्हणतो,
आणि स्वतःचा गुडघा चोळतो.

नळीच्या टोकाशी खालून एक बारीक भोक आहे.
गोळी पुढे निघून जाते,
तिच्या पाठचा थोडा वायू हा सिलिंडर चोरतो
आणि त्या चोरीच्या जोरावर
एक लांब वाकडी सळई मागे धावते,
रिकामं पितळ फेकते, येताना नवी गोळी आत ढकलते.
सळई वाकडी आहे ती मुद्दाम.
जोर जास्त झाला की आणखी वाकते,
ते मुद्दाम नसतं.

मला कुकर आठवला. बोलले नाही.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला
शिट्टीचं वजन काय समजावणार.

नवा प्लग काडेपेटीएवढ्या खोक्यात आला होता:
पोटात एक छोटा स्क्रू,
जादाचा वायू पुढून सोडून देणारा.
पण आटे धरेनात. सत्तर वर्षांचा कार्बन.
टॅप फिरवताना हात आपोआप हलका झाला.
कोल्हापुरात, उद्यमनगरच्या शेडमध्ये,
आप्पा पाठीशी उभे राहून म्हणायचे,
"दमानं गं. लोखंड कुठं पळून जात न्हाई."

शनिवारी खडीच्या बंद खाणीत गेलो.
स्क्रू पूर्ण उघडा. क्लिप नाही, एकच गोळी.
आवाज झाला, समोरच्या कड्यावरून परत आला.
बाकी सगळं ढिम्म.
त्याने हातानेच बोल्ट मागे ओढला.

पाव फेरा आवळला.
तेच. पुन्हा हाताने.

"असंच राहू दे का?" एव्हरेट म्हणाला.
"रोलंडला शेवटी सगळं हातानेच ओढून आणावं लागायचं.
मोजे. दार.
माझं नाव."

मी पाना धरून उभी.
अशा वेळी काय बोलतात ते मला इंग्रजीत येत नाही.
मराठीतही येत नाही, खरं तर.
"पाव फेरा," मी म्हणाले.

या खेपेला पितळ अर्धवट अडकलं,
बोल्टच्या दाढेत उभं.
त्याने ते नखाने काढलं, फुंकलं, खिशात टाकलं.

पाव फेरा.

आणि ती चालली.
बोल्ट मागे जाऊन थांबला, आ वासून,
पितळ उजवीकडे, घड्याळात एक वाजतो त्या अंगाला,
मेपलच्या वाळक्या पानांत पडलं.
पुन्हा एक. त्याच जागी.
पुन्हा.
मग भरली क्लिप, मी कानांवर हात दाबून मोजत होते,
सहा, सात,
टिण एवढं हातांतूनही ऐकू आलं.

तो बराच वेळ वाकून पानं चाळत राहिला.
सात सापडली. आठवं मिळेना.
मी मदतीला गेले तर म्हणाला, नको,
एक राहू दे इथे.

स्क्रूच्या डोक्यावर मी पांढऱ्या रंगाची रेघ मारली,
कुठवर आवळलाय ते कळावं म्हणून.
सांगितलं, हे कायमचं नाही.
कडाक्याच्या थंडीत दारूचा जोर कमी पडतो,
जानेवारीत परत बघावं लागेल.

"जानेवारीत," एव्हरेट म्हणाला.
रजईची घडी घालता घालता थांबला,
ओठांत काहीतरी मोजलं.

"कोणता वार?"